अंजूरफाटा : एक शब्द की दोन?

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्यांना अंजूरफाटा माहीत असतो. ज्या अंजूर गावावरून फाट्याला हे नाव पडले ते गाव मात्र त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेले नसते. सुट्टीत काही नववी-दहावीच्या मुलांबरोबर संगणकाचे चार तास घेण्यासाठी आम्ही त्या गावी गेलो होतो. मुलांना काम दिले होते सोपे. येताजाता दिसणाऱ्या पाट्यांवरची गावांची नावे जशी लिहिली असतील तशी वहीत उतरवून आणायची, मग ती संगणकात भरायची आणि 'अंजूर' हा शब्द किती वेळा आला ते एका छोट्या प्रोग्रॅमकडून मोजून घ्यायचे.

मुलांनी आणलेल्या यादीत 'अंजूरफाटा' असे जोडून होते, 'अंजूर फाटा' असे सुटेही होते. एका गॅरेजवाल्याने 'अंजुरफाटा' लिहिले होते. 'दिवे अंजूर', 'दिवे-अंजूर', 'अंजूरला जाण्याचा मार्ग' अशीही नावे होती. प्रोग्रॅमने यादी वाचली, मोकळ्या जागांवर तोडली आणि उत्तर दिले : दोन. हाताने मोजणाऱ्या मुलांचे उत्तर होते सहा. मुले हसली. मग एका मुलीने विचारले, "सर, अंजूरफाटा म्हणजे एक शब्द की दोन?" पाठात छापलेले उत्तर आम्ही दिले. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे येते तो शब्द. तिने पुन्हा विचारले, "म्हणजे ते पाटी रंगवणाऱ्याने ठरवायचं का?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नामुळे लिहावा लागला. टीका करायची आहे ती आमच्याही हातून अनेकदा शिकवल्या गेलेल्या त्या एका वाक्यावर, आणि त्या वाक्याच्या आधाराने बांधलेल्या हत्यारांवर.

आधी थोडी ओळख. संगणकाच्या दृष्टीने मजकूर म्हणजे एकामागे एक ओवलेली चिन्हे, म्हणजे अक्षरमाला. प्रोग्रॅमर तिला स्ट्रिंग म्हणतात. अक्षर, अंक, स्वल्पविराम, मोकळी जागा ही सगळी त्या माळेतले सारखेच मणी. मोकळी जागा म्हणजे 'काही नाही' असे आपल्याला वाटते. संगणकाला तसे वाटत नाही. तिलाही स्वतःचा क्रमांक आहे. या माळेतून कामाचे तुकडे वेगळे काढणे ही बहुतेक प्रोग्रॅमची पहिली पायरी असते, आणि अशा प्रत्येक तुकड्याला टोकन म्हणतात. बँकेत पितळी बिल्ला मिळत असे तोच हा शब्द. पुढच्या खिडकीवर मजकूर जात नाही, त्याचा बिल्ला जातो. तोडणारा चुकला तर पुढचे सगळे खाते चुकीच्या नावावर पडते.

मोकळ्या जागेची व्याख्या फार जुनी नाही. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी १९७८ मध्ये सी भाषेवर लिहिलेले पुस्तक जगभरच्या प्रोग्रॅमरांनी पाठ्यपुस्तकासारखे वापरले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ओळी, शब्द आणि चिन्हे मोजणारा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. मोकळी जागा, टॅब किंवा नवी ओळ ज्यात नाही असा चिन्हांचा सलग गट म्हणजे शब्द, असे त्यात धरले आहे. परंतु ही व्याख्या ढिली आहे असे लेखकद्वयाने तिथेच सांगितले आहे. कामापुरती सोय आहे, यापेक्षा जास्त दावा त्यांनी केला नाही. आमच्या हाती आलेल्या नंतरच्या बऱ्याच प्राथमिक पुस्तकांत व्याख्या राहिली आणि 'ढिली' हा शब्द गळाला. आमचा पहिला आक्षेप एवढाच आहे.

वर्गातल्या शिक्षकाला हा आक्षेप शब्दच्छल वाटेल. म्हणून गुणांच्या यादीचे उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याची नोंद स्वल्पविरामांनी वेगळी केली आहे :

१७,४२,,६१,

हजेरी क्रमांक १७. मराठीत ४२, हिंदीला गैरहजर, इंग्रजीत ६१, गणिताला गैरहजर. गैरहजेरीच्या जागा रिकाम्या सोडल्या आहेत. या ओळीचे तुकडे किती? कोणीही शिक्षक म्हणेल पाच, त्यांतले दोन रिकामे. आता हीच ओळ तीन भाषांतल्या अगदी नेहमीच्या हत्यारांना द्या. पायथन भाषेतल्या 'स्प्लिट'ला स्वल्पविरामावर तोडायला सांगितले तर ते पाच तुकडे देते. जावा भाषेतले त्याच नावाचे 'स्प्लिट' चार देते, कारण शेवटी आलेले रिकामे तुकडे ते आपणहून टाकून देते. सी भाषेतले 'स्ट्रटॉक' तीन देते, कारण लागून आलेले दोन स्वल्पविराम ते एकच समजते. एक ओळ, तीन हत्यारे. पाच, चार, तीन.

तीन तुकड्यांच्या उत्तरात काय घडते ते पाहा. १७, ४२, ६१. इंग्रजीचे ६१ हिंदीच्या रकान्यात बसले. प्रोग्रॅम थांबत नाही, चूक झाली असेही सांगत नाही. आमच्या माहितीतल्या एका शाळेत असा निकाल छापून फळ्यावर लागला होता. गैरहजर मुलगा एका विषयात उत्तीर्ण आणि हजर मुलगा नापास, असा गोंधळ दोन दिवस चालला. दोष शोधताना सगळे जण बेरजेचे सूत्र तपासत होते. बेरीज बरोबर होती. चूक तोडण्यात होती, आणि तिकडे कोणी पाहत नव्हते. कारण तोडणे ही काही शिकण्यासारखी गोष्ट आहे असे कोणाला वाटलेच नव्हते.

'स्ट्रटॉक'बद्दल आणखी दोन शब्द लिहायलाच हवेत. हे हत्यार सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती लवकर पडते. पण ते मूळ अक्षरमालाच कापते. जिथे स्वल्पविराम होता तिथे शून्य लिहून ठेवते. काम झाल्यावर मूळ ओळ जशी होती तशी परत मिळत नाही, आणि तुकडा कोणत्या चिन्हावर तुटला होता तेही कळत नाही. 'दिवे-अंजूर' जोडरेघेवर तुटले की मोकळ्या जागेवर, हा पुरावा हत्याराने खाल्लेला असतो. दुसरे असे की आपण कुठवर आलो याची खूण ते स्वतःजवळ एकाच ठिकाणी ठेवते. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात दोन वाचकांनी एकच दोरा वापरावा तसे ते आहे. समजा, आधी ओळींवर तोडायचे आणि प्रत्येक ओळ पुढे स्वल्पविरामांवर तोडायची. आतल्या कामाने दोरा हलवला की बाहेरच्या कामाची जागा हरवते आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीनंतरच गप्प बसतो. पुढे वापरणाऱ्याने आपला दोरा आपण सांभाळावा अशी सुधारित आवृत्ती निघाली, ती चांगली आहे. जावा भाषेतही १९९६ पासून असलेला 'स्ट्रिंगटोकनायझर' आता जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवला आहे, नव्या कामात वापरू नये, असे त्या भाषेच्या अधिकृत माहितीतच लिहिलेले आहे. हत्यारे करणारे आपल्या चुका कबूल करतात. त्या कबुल्या पाठ्यपुस्तकांत पोचत नाहीत.

इथवरचे दोष कोणत्याही भाषेच्या मजकुराला लागू आहेत. पुढचा दोष आपल्या वाट्याला आलेला आहे.

अंजूरच्या मुलांना आम्ही म्हटले, मोकळी जागा पुरत नाही ना, मग पूर्णविराम, जोडरेघ, कंस सगळे बाजूला सारणारे हत्यार वापरू. पायथनमध्ये नमुना सांगून मजकूर शोधण्याची सोय आहे. तिथे 'शब्दात येणारे चिन्ह' या अर्थाची एक छोटी खूण असते, उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे डब्ल्यू. इंग्रजी मजकुरावर ती चोख चालते. मुलांनी 'अंजूर' लिहून कळ दाबली. पडद्यावर तीन तुकडे आले :

अ ज र

'दिवे'चे द आणि व झाले. 'ठाणे'चे ठ आणि ण. अनुस्वार, काना, वेलांटी, उकार, मात्रा सगळे गळून गेले होते आणि त्या जागांवर शब्द तुटले होते. मुलांना वाटले, टाइप करताना चुकले. चुकले नव्हते. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. 'ज' हे अक्षर या वर्गात पडते. त्याला लागणारा उकार 'जोडचिन्ह' या वेगळ्या वर्गात. पायथनच्या त्या खुणेत अक्षरे आणि अंक येतात, जोडचिन्हे येत नाहीत. म्हणजे आपल्या लिपीतला काना हा तिच्या लेखी स्वल्पविरामासारखाच, शब्द संपल्याची खूण.

हा कोणा एकट्याचा हट्ट नाही आणि युनिकोडचाही दोष नाही. नमुन्यांनी शोध कसा घ्यावा याबद्दल युनिकोडच्या तज्ज्ञांनी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे त्यात शब्दाच्या चिन्हांत जोडचिन्हे धरावीत असे स्पष्ट आहे. पर्ल भाषा तसे करते आणि 'अंजूर' अखंड ठेवते. पायथनमधली ही उणीव २०११ मध्ये तक्रार म्हणून नोंदवली गेली होती. आम्ही पायथन ३ वर प्रयोग केला तेव्हाही अ, ज, र हेच उत्तर आले.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. मजकुराचे वर्गीकरण करायला पायथनबरोबर 'सायकिट-लर्न' नावाचा संच फार वापरला जातो. त्यात शब्द मोजणाऱ्या साधनाला काही वेगळे सांगितले नाही तर ते हीच खूण वापरते, आणि वर एक अट घालते की तुकडा निदान दोन चिन्हांचा हवा, एकेरी तुकडे टाकून द्यायचे. इंग्रजीतले एकाक्षरी शब्द गाळावेत असा त्यामागचा साधा विचार. आता 'अंजूर' या साधनात घाला. काहीच उरत नाही. 'भिवंडी'चे काही उरत नाही, 'ठाणे'चेही नाही. 'मुंबई'चे 'बई' उरते. 'शिक्षक' म्हणजे 'षक'. 'गणित' म्हणजे 'गण'. आणि 'मराठी' या शब्दाचे उरते 'मर'. हा विनोद आम्ही रचलेला नाही. कोणालाही पाच मिनिटांत करून पाहता येईल. साधन तक्रार करत नाही, ते 'मर' किती वेळा आला ते इमानाने मोजून तक्ता देते. तक्ता इंग्रजीतून वाचणाऱ्याला त्यात वावगे काही दिसत नाही.

उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांत महाजनी नावाची लिपी चालत असे. तिच्यात मात्रा लिहीत नसत. तिच्यावरून सांगितली जाणारी एक गोष्ट आमच्या पिढीने शाळेत ऐकली आहे. पेढीवरून घरी पत्र आले, की काका अजमेरला गेले. घरात मात्रा बसवून वाचले, काका आज मर गए, आणि रडारड सुरू झाली. अजमेर की आज मर, हा प्रश्न तोडण्याचा आहे आणि मात्रांचाही. दोन्ही दोष एकाच वेळी घडले तर काय होते ते त्या मुनिमाला ठाऊक होते. आपण ते सुधारून मात्रांची लिपी वापरली, ती छापली, तिला संगणकावर आणले, आणि आता एक प्रोग्रॅम पुन्हा मात्रा काढून महाजनी करून देतो आहे.

या ठिकाणी अंजूरचा इतिहास आमच्या मदतीला आला. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या बाजूने ज्यांनी मोठी कामगिरी केली ते गंगाजी नाईक अंजूरकर याच गावचे. १७३७ मध्ये साष्टीवर चढाई झाली आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली. त्या काळचा पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेखाली अक्षरे लटकवत जातो. हात शक्य तितका उचलायचा नाही. शब्द संपला म्हणून जागा सोडायची पद्धतच नाही. ओळ सुरू होते ती कागदाच्या कडेला थांबते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा नसतो. तरीही त्या पत्रांवर फौजा हलल्या, रसद पोचली, गावांचे वसूल ठरले. मोकळी जागा नाही म्हणून शब्द नव्हते असे कसे म्हणावे?

मोडी वाचणारा काय करतो याचा अनुभव मुलांना द्यायला आम्ही फळ्यावर जोडून लिहिले, 'पावसातआणले'. निम्म्या वर्गाने वाचले, पावसात आणले. बेकरीशेजारी राहणाऱ्या एका मुलाने वाचले, पाव सात आणले. 'दहावीत' हा शब्द परीक्षेच्या वर्षाचा की कापडाच्या मापाचा, दहा वीत? 'दोनशेते' म्हणजे दोन शेते की दोनशे ते? प्रत्येक वेळी मुलांनी पुढचे-मागचे वाक्य मागितले. मग वाद मिटला. तोडण्याआधी थोडे समजावे लागते, आणि समजण्याआधी थोडे तोडावे लागते, हे मुलांनी आम्ही न सांगता ओळखले. कापडाच्या गावाजवळची मुले ती. थान कुठे कापायचे ते नग पाहून ठरते, हे त्यांना नवे नव्हते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी मोडी कागद बाळबोध लिपीत छापले, तेव्हा त्यातली प्रत्येक मोकळी जागा संपादकाने निर्णय घेऊन घातलेली आहे. आपण तो मजकूर वाचताना हे श्रम दिसत नाहीत. आपल्याला वाटते, शब्द आधीपासून सुटेच होते. आज मोडीलाही संगणकात जागा मिळाली आहे. युनिकोडच्या २०१४ च्या आवृत्तीत तिची चिन्हे आली. पण मोडीचे कागद त्या चिन्हांत जसेच्या तसे उतरवले आणि 'स्प्लिट'ला दिले, तर ते सबंध ओळीचा एक शब्द करून परत देईल. व्याख्येप्रमाणे ते बरोबरही असेल.

ही केवळ आपली अडचण आहे असे कोणी समजू नये. लॅटिन मजकूर काही शतके सलग लिहिला जात होता. शब्दांत नियमाने जागा सोडण्याची सवय सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठांतून पसरली. थाई, चिनी आणि जपानी आजही शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यांचा मजकूर तोडणाऱ्या प्रोग्रॅमना शब्दकोश आणि संभाव्यतेचे गणित लागते. आपल्याकडे तर हे काम फार पूर्वी सन्मानाचे मानले गेले. ऋग्वेदाच्या संहितेत संधीने जुळलेली पदे वेगळी करून दाखवणारा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. समासाचे घटक दाखवायला त्यात वेगळी खूण वापरली आहे, म्हणजे शब्दाची सीमा आणि शब्दाच्या आतली सीमा हा भेद तिथे पाळलेला आहे. पाणिनीने शाकल्याच्या मतांचा उल्लेख केला आहे, आणि पद कशाला म्हणावे हे त्याने अंती लागणाऱ्या प्रत्ययांवरून ठरवले. भोवतालच्या मोकळ्या जागेचा त्यात संबंध नाही. जुने ते सगळे मोठे, असे आम्ही म्हणत नाही. पण हा प्रश्न कठीण आहे एवढी जाण त्या काळी होती.

मोकळ्या जागेवर तोडून मराठीत काय हाती लागते ते आता पाहू. 'शाळेसमोरच्या झाडाखाली.' तुकडे दोन. हिंदीत हेच 'स्कूल के सामने के पेड़ के नीचे' होते, तुकडे सात. इंग्रजीत आठ. मराठी माणूस कमी बोलतो असा याचा अर्थ नाही. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहितो एवढेच. परीक्षेत 'दोनशे शब्दांत निबंध लिहा' असे आपण म्हणतो, तेव्हा जोडून लिहिणाऱ्या मुलाला जास्त लिहावे लागते आणि 'शाळे समोरच्या' असे अशुद्ध लिहिणाऱ्याचा निबंध लवकर पुरा होतो. (हा अन्याय संगणकाने आणलेला नाही, तो आपण आधीपासून करत आहोत.)

शोध घेताना हे जास्त बोचते. 'अंजूर' शोधणाऱ्या प्रोग्रॅमला अंजूरला, अंजूरचा, अंजूरहून, अंजूरकर हे चार परके शब्द वाटतात. मग कोणी म्हणतो, शेवटचा प्रत्यय कापून टाका. 'पुलाखाली'तून 'खाली' कापले तर उरते 'पुला', आणि शब्दकोशात आहे 'पूल'. 'घोड्याला'तून 'ला' काढून 'घोडा' मिळत नाही. सामान्यरूप नावाचा जो भाग मुले कंटाळून पाठ करतात तो इथे लागतो. व्याकरणाचा तास आणि संगणकाचा तास यांची भिंत एकच असलेली आम्ही पुष्कळ शाळांत पाहिली आहे. भिंतीच्या या बाजूला सामान्यरूप शिकवतात आणि त्या बाजूला शब्द म्हणजे मोकळ्या जागांमधला मजकूर असे शिकवतात.

आता संगणकाशी गप्पा मारण्याचे दिवस आले आहेत, तिथेही ही तोडणी दिसते. भाषेची मोठी प्रारूपे मजकूर वाचतात ती तुकड्यांनी, आणि त्यांचा वापर विकणाऱ्या अनेक कंपन्या पैसे मोजतात तेही तुकड्यांवर. २०१९ च्या जीपीटी-२ या प्रारूपात मजकूर आधी ढोबळ तोडणारा जो नमुना होता त्यात अक्षरांचा वर्ग होता, जोडचिन्हांचा नव्हता. म्हणजे अंजूरच्या वर्गातली तीच चूक. त्याशिवाय, नेहमीच्या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'अंजूर' हे आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचे नाव. संगणकाच्या हिशेबी अ, अनुस्वार, ज, उकार, र अशी पाच चिन्हे, पंधरा बाइट. रोमन लिपीत हेच नाव पाच बाइटांत मावते. त्याच कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या नव्या नमुन्यात जोडचिन्हे सामील केली आहेत, हे नोंदवले पाहिजे. सुधारणा झाली, पण मधली पाच वर्षे मराठीत लिहिणारा त्याच वाक्याचे जास्त बिल्ले भरत होता. असे काही घडत आहे हे कळायलाही तोडणी म्हणजे काय ते आधी कोणीतरी शिकवलेले असावे लागते.

मग पाठात काय असावे? मोकळ्या जागेवर तोडणे शिकवू नये, असे आमचे म्हणणे नाही. हाताशी ते पहिले हत्यार आहे आणि मुलांना दहा मिनिटांत काहीतरी चाललेले दिसते. पण त्याच तासात वर दिलेली गुणांची ओळ द्यावी आणि तुकडे किती ते आधी हाताने लिहून घ्यावे. प्रत्येक मुलाने आपल्या गावाचे नाव नमुन्याच्या खुणेतून काढून पाहावे. युनिकोडने शब्दसीमांसाठी जे नियम ठरवले आहेत त्यावर बांधलेली साधने मात्रा तोडत नाहीत. ती नवव्या इयत्तेला अवघड नाहीत. तोडायच्या जागा ठरवणारा माणूस असतो आणि त्याचे कारण त्याने प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायचे असते, एवढे मुलांना समजले तर चार तास सत्कारणी लागले.

अंजूरच्या मुलांनी शेवटच्या तासाला एक यादी केली : तोडू नयेत अशा नावांची. 'दिवे अंजूर' त्यात सर्वांत वर गेले. हे वेगळे गाव आहे, अंजूर वेगळे. मोकळ्या जागेवर तोडले तर टपाल एका गावचे दुसऱ्या गावी जाईल, हे सांगायला तिथे कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही. जोडरेघेने लिहिलेले आणि सुटे लिहिलेले 'दिवे अंजूर' एकच समजावे असाही नियम झाला. अंजूरफाट्यावर मात्र एकमत होईना. फाटा अंजूरचा आहे, म्हणून दोन शब्द, असे काही जण म्हणत होते. आता ते नावच आहे, तिथे उतरणाऱ्या कितीतरी माणसांना अंजूर माहीतही नाही, म्हणून एक, असे बाकीचे. मत घ्यावे असे एकाने सुचवले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने ते मानले नाही. तिने यादीत नाव लिहिले, त्यापुढे दोन रकाने आखले, एकात 'पत्त्यासाठी : एक' आणि दुसऱ्यात 'अंजूर शोधताना : दोन' असे लिहून वही आमच्याकडे दिली. त्याप्रमाणे प्रोग्रॅम बदलायला आम्हाला त्या दिवशी वेळ पुरला नाही, पुढच्या खेपेला करायचा आहे.